शेजारच्या सीटखालची वायर

त्या साहेबाचा मला सुरुवातीपासून राग यायचा, आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं वाचताना कुणी मला चांगला माणूस समजायला नको.

कतारमध्ये मी तीस वर्षं गाड्यांचं वायरिंग केलं. इंडस्ट्रियल एरियात गॅरेज, मालक तिथलाच, काम करणारे आम्ही सगळे बाहेरचे. मी सातवी नापास. इंग्लिश वाचता येत नाही, पण गाडीच्या पडद्यावर उमटणारे शब्द मला तोंडओळखीनं कळतात. वर्ल्ड कप तेव्हा दोन-तीन वर्षांवर आला होता आणि सगळा देश खणून ठेवलेला. काल ज्या रस्त्यानं गेलो तो आज बंद, तिथं पिवळे ड्रम आणि बाण. धुळीनं आणि हादऱ्यांनी गाड्यांची कनेक्शनं सैल व्हायची, त्यामुळं आम्हाला काम भरपूर.

माझी बायको त्याच्या आदल्या वर्षी गेली. तिकडं गावी, साताऱ्याकडं. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली आणि दुपारी संपली. मालकानं त्याच्याकडं जमा असलेला पासपोर्ट लगेच दिला, विमान पण मिळालं, तरी मी पोचलो तो सावडायच्या दिवशी. तिचं तोंड दिसलं नाही, राख दिसली. तेरावं केलं आणि परत आलो. तिकडं बसून करायचं काय? पोरगी तिच्या घरी, भाऊ त्याच्या घरी. इकडं निदान सकाळी उठून जायला गॅरेज होतं. खोलीत आम्ही पाचजण राहायचो. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी विचारलं, नंतर कुणी विचारलं नाही. ते बरंच झालं.

तर हा साहेब. नाशिकचा, वय पस्तिशीच्या आसपास, अल रय्यानला स्टेडियम उभं राहत होतं तिथं इंजिनिअर. मराठी इलेक्ट्रिशियन आहे असं कुणाकडून तरी ऐकून आमचं गॅरेज शोधत आला. गाडी मोठी, अमेरिकेची. कुणी अमेरिकन नोकरी संपवून परत चालला होता, त्याच्याकडून घेतलेली.

"काका, साताऱ्याचे ना तुम्ही? मग आपलेच की!"

साताऱ्याचा माणूस नाशिकवाल्याचा आपला कधी झाला ते मला माहीत नाही. परदेशात चालून जातं.

"झालंय काय साहेब?"

"ह्यात सॅटेलाइट रेडिओ आहे. ढीगभर चॅनेल आहेत म्हणे. पण लावला की आवाजच येत नाही. आणि साधा एफएम लावला तर तोही मधेच तुटतो. खर्रर्र होतं, बंद पडतं, परत येतं. सॅटेलाइटचंच काहीतरी बिघडलंय ना?"

मी बटण दाबलं. पडद्यावर माझ्या ओळखीचे शब्द आले. सिग्नल शोधतोय. तो असाच शोधत राहतो. अमेरिकेहून आलेल्या किती गाड्यांमध्ये मी हे बघितलंय.

"साहेब, हा बिघाड नाही. ते उपग्रह अमेरिकेच्या डोक्यावर आहेत. इकडच्या आभाळात तुमच्यासाठी काही ठेवलेलं नाही."

"म्हणजे हे बटण नुसतं शोभेचं?"

"नुसतं शोभेचं."

तो हसला. "मला वाटलं फॉर्म भरून चालू करता येईल. आणि एफएमचं?"

ते वेगळं होतं. आमच्या कामात पहिली गोष्ट ही विचारायची, की आवाज एकाच जागी तुटतो का सगळीकडं. फक्त रेडिओवर तुटत असेल तर वरच्या अँटेनाकडं बघायचं. एफएम, सीडी, पेनड्राइव्ह, सगळ्यातच तुटत असेल तर अँटेनाची चूक नाही. मग पुढं जायचं, आवाज मोठा करणाऱ्या डब्याकडं. त्याला आम्ही अँप म्हणतो. ह्या गाडीत तो ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटखाली असतो.

"गाणी लावली मोबाईलवरनं तर?"

"तेही तुटतं."

"खड्ड्यात तुटतं का वळणावर?"

"नक्की सांगता येत नाही. कधी कधी तास-तास ठणठणीत चालतं. आत्ता येताना तर काहीच झालं नाही."

गाडी ठेवून घेतली. फ्यूज बघितले. रेडिओ बाहेर काढून मागची सगळी कनेक्शनं साफ केली. एकेक स्पीकर वेगळा वाजवून बघितला. सीटखाली हात घालून अँपचा प्लग हलवला, घट्ट होता. मग गाडी घेऊन दोन फेऱ्या मारल्या, खोदलेल्या रस्त्यानं, मुद्दाम खड्ड्यातनं. आवाज एकदाही तुटला नाही. संध्याकाळी गाडी दिली.

दुसऱ्या दिवशी फोन. "काका, परत तेच."

आणि त्याच्या मागनं एका बाईचा आवाज आला. "त्यांना सांग, मी म्हणते ते गाणं लागलं की मुद्दाम तुटतं. सांग ना!"

"अगं थांब जरा. काका, ही म्हणते वळणावर जास्त होतं."

"असं कुठं म्हणाले मी?"

दोघं हसायला लागले. फोन माझ्या कानाला होता. उगाच फोन केल्यासारखं ते दोघं एकमेकांशीच बोलत होते. राग तिथनं सुरू झाला.

आता हे नीट सांगितलं पाहिजे. तो पण महाराष्ट्रातला, मी पण. तो पण पोटासाठी आलेला, मी पण. त्याच्या व्हिसाच्या कागदावर इंजिनिअर लिहिलेलं, माझ्या कागदावर इलेक्ट्रिशियन. तेवढ्यानं त्याला बायको आणता आली आणि मला तीस वर्षांत आणता आली नाही. मी साहेबलोकांवर कधी जळलो नव्हतो. त्यांच्या व्हिला, त्यांची थंडगार हॉटेलं, मला काय करायचंय? ती जिवंत होती तेव्हा वाटायचं, आज ना उद्या आपण परत जाणार, मग बसू दोघं. ती गेली आणि मग मला रस्त्यावरनं जाणारी प्रत्येक गाडी दिसायला लागली, ज्यात दोघं पुढं बसलेत. सिग्नलला शेजारी गाडी थांबली की मी आत बघायचो. माझ्या वयाच्या माणसाला शोभत नाही. पण बघायचो.

साहेब तीनदा गाडी घेऊन आला. तिन्ही वेळा एकटा, कारण इंडस्ट्रियल एरियात बायकोला कोण आणतो? तिथं बाई दिसली तर लोक काम सोडून बघतात. तिन्ही वेळा गॅरेजमध्ये आवाज चोख. माझी लाज निघाली. मालक म्हणाला, "हबीबी, तू म्हातारा झालास."

मी साहेबाला सगळं विचारलं होतं. एसी चालू असताना तुटतो का, हॉर्न दिल्यावर तुटतो का, सकाळी का दुपारी, पेट्रोल भरल्यावर का आधी. शेजारी कोण बसलंय, हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. आम्ही कंपनीच्या बसनं जाणारे लोक, आणि गॅरेजमध्ये गाडी हाती आली तर ती एकट्यानंच चालवायची. शेजारच्या सीटवर माणूस असतो, हे मला आठवायचं कारणच नव्हतं.

शेवटी साहेब म्हणाला, "काका, शुक्रवारी आम्ही अल रुवैसला चाललोय, फिरायला. तुम्हीच चला. तास-दीड तासाचा रस्ता आहे, कुठेतरी तुटेलच. तुमच्या कानांनी ऐका."

शुक्रवारी मला सुट्टी. खोलीवर पडून छताकडं बघण्यापेक्षा बरं म्हणून मी हो म्हणलं. खिशात पक्कड, टेस्टर आणि टेप घेतली.

ते मला न्यायला आले तेव्हा ती पुढं बसलेली होती. पहिल्यांदा बघितली. चष्मा, केसांचा वर अंबाडा, पायात साधी चप्पल. मला बघून दार उघडून खाली उतरली.

"काका, तुम्ही पुढे बसा."

"नको बाई, मी मागं बसतो की."

"अहो काय बाई-बाई करताय? माझ्या वडिलांच्या वयाचे तुम्ही. मी पुढे आणि तुम्ही मागे, असं कसं दिसेल? बसा."

बसलो. सीट तिच्या उंचीला लावलेली होती, माझे गुडघे डॅशबोर्डला टेकले. तशीच राहू दिली. साहेबानं हिंदी एफएम लावला, वर्ल्ड कपची काहीतरी जाहिरात चालू होती, आणि गाडी वळली तसा आवाज खर्रर्र करून गेला.

"हे बघा! हे!" साहेब स्टिअरिंगवर हात आपटून आनंदानं ओरडला. "ऐकलंत ना?"

ऐकलं होतं. मी जरा सरकलो. आवाज आला. मागं रेललो, गेला. साहेबाला काही कळू न देता मी सीटवरनं बोटभर वर उठलो. आला. परत टेकलो. गेला.

तीन आठवडे जो फॉल्ट मला सापडत नव्हता तो माझ्या बुडाखाली होता.

तेव्हाच सांगायला हवं होतं. गाडी बाजूला घ्या साहेब, दहा मिनिटांचं काम आहे. पण म्हणलं, नक्की करू, मग सांगू. थांबल्यावर सीटखाली बघू. एवढंच मनात होतं, खोटं सांगत नाही.

उत्तरेचा रस्ता सरळ. दोन्ही बाजूला नुसती माती आणि विजेचे खांब. मागनं ती डबा उघडायला लागली. थालीपीठ, शेंगदाण्याची चटणी. पहिलं मला दिलं, कागदात गुंडाळून. मग दुसऱ्याचे तुकडे करून दोन सीटांच्या मधनं हात घालून नवऱ्याच्या हातात द्यायला लागली. तो रस्त्यावरची नजर न काढता खात होता.

"मीठ कमी आहे गं."

"मग नको खाऊ."

"खातोय की. फक्त सांगितलं."

"घरी बनवताना मागे उभा होतास, तेव्हा सांगायचं."

"तेव्हा तू बोलू देत होतीस का?"

असं चाललेलं. दीड तास. माझ्या तोंडात ते थालीपीठ, आणि खरं सांगतो, मीठ अजिबात कमी नव्हतं. मला त्याच्या एक कानाखाली द्यावीशी वाटली. अरे, मीठ कमी आहे म्हणून सांगायला तुझ्याकडं माणूस आहे. मी फोनवर बायकोला तीस वर्षं काय सांगितलं? पैसे पोचले का, भावाला दिले का, आईचं औषध आणलं का, ठेवतो. तिच्या हातचं मीठ कमी की जास्त हे सांगायची वेळ दोन वर्षांतनं एकदा यायची, आणि तेव्हा पाहुणा असल्यासारखा मी सगळ्याला चांगलंच म्हणायचो.

अल रुवैसला पोचलो. छोटं बंदर, बांधून ठेवलेल्या होड्या, जाळी वाळत टाकलेली. थंडीचे दिवस, वारा चांगला होता. साहेब म्हणाला, "काका, या पाण्यापर्यंत."

"तुम्ही जा. मी जरा बघतो सीटखाली."

ते गेले. मी दार उघडून गुडघ्यावर बसलो आणि सीट मागं सरकवली. समोरच होतं सगळं. आधी कुणीतरी ती सीट काढून परत बसवली होती आणि बसवताना अँपची वायर लोखंडी दांड्याच्या वरनं घेतली होती, खालनं घ्यायची ती. सीटवर माणूस बसला की स्प्रिंग खाली यायची आणि वायर दांड्यावर दाबली जायची. वरचं आवरण घासून तांबं उघडं पडलेलं. आतले धागे निम्मे तुटलेले. माणूस उठला की वायर सुटायची आणि आवाज परत. तुटलेलं जोडायचं, टेप मारायची, वायर खालनं घ्यायची. टेप माझ्या खिशातच होती.

मी वर बघितलं. ती दोघं पाण्याच्या कडेनं चालली होती. तिची चप्पल साहेबाच्या हातात. इंजिनिअर माणूस, दहा लोकांवर हुकूम चालवणारा, बायकोची चप्पल हातात घेऊन चालला होता आणि त्याला कोण बघतंय ह्याची फिकीर नव्हती. ती पाण्यात पाय बुडवून ओरडली, गार आहे म्हणून. तो हसला.

माझ्या अंगाची आग आग झाली. ती चप्पल बघून. पाण्यातलं त्यांचं हसणं एक वेळ मी सोडून दिलं असतं.

मी सीट पुढं ढकलली, होती तशी. टेप खिशात ठेवली. दार लावलं.

ते आले. "सापडलं काही?"

"साहेब, तुमचं पहिल्या दिवशीच बरोबर होतं," मी म्हणलं. "सॅटेलाइटचंच आहे. तो डबा सारखा सिग्नल शोधत राहतो, आणि शोधता शोधता मधेच सगळ्याचा आवाज ओढून घेतो. अमेरिकेच्या गाड्यांचा हा रोगच आहे."

तीस वर्षांत मी गिऱ्हाइकाला इतकं खोटं कधी बोललो नव्हतो. आणि खोटं तरी कसलं? आमच्यातल्या कुणी ऐकलं असतं तर पोट धरून हसला असता. पण साहेबाला काय कळणार. तो स्टेडियम बांधत होता.

"म्हणजे ह्याला इलाज नाही?"

"नाही."

"नीट होणारच नाही काका?" तिनं विचारलं.

"नाही बाई."

परत येताना ती मागंच बसली, मी पुढं. आवाज तुटला की साहेब म्हणायचा, "हं, शोधतोय." आणि मी मान हलवायचो. मला त्या मानेची लाज वाटत नव्हती. उलट बरं वाटत होतं. असू दे एक तरी गोष्ट मोडकी ह्यांच्या घरात.

दोन महिने गेले. साहेबाचा फोन येईना. मी पण विसरलो, म्हणजे विसरलो असं म्हणायचं. कामात हात असला की ठीक. हात मोकळा झाला की ती घासलेली वायर डोळ्यांपुढं यायची. दुसऱ्या कुणाकडं गाडी नेली असेल आणि त्यानं सीट काढली असेल तर साहेब काय म्हणेल, ह्याची धास्ती पण होती. पण जास्त करून वाईट ह्याचं वाटायचं, की चांगल्या हातानं मी वाईट काम केलं.

मग एका शुक्रवारी गॅरेजची पिकअप घेऊन मी अल रय्यानला गेलो होतो. तिथं एका दुकानात आपल्याकडची ज्वारी मिळते. सकाळची वेळ, पण ऊन आत्ताच चटके देत होतं. बाहेर पार्किंगमध्ये हाक आली.

"काका! ओ काका!"

साहेब. दोन्ही हातात पिशव्या. मागनं ती, कोथिंबीर घेऊन.

"काय साहेब, बरंय का?"

"एकदम. काका, तुम्हाला एक गंमत सांगायचीच होती. तुमच्या सॅटेलाइटवर मी इलाज शोधलाय."

मी त्याच्या गाडीच्या पुढच्या सीटकडं बघितलं.

"काय?"

"ही पुढे बसली की आवाज तुटतो. मागे बसली की तुटत नाही! खरंच. पंधरा दिवस बघतोय मी. म्हणजे काका, सॅटेलाइट शोधतंय ते हिलाच!"

"झालं का सांगून सगळ्यांना?" ती म्हणाली. "ऑफिसात सांगितलं, माझ्या आईला सांगितलं, आता काकांना."

"अगं, खरं आहे ते सांगू नको का?"

"रेडिओ किंवा बायको, एकच ठेवता येतं ह्या गाडीत. ह्यांनी ठरवलं काय ठेवायचं ते." ती हसत होती, पण माझ्याकडं न बघता. "बरंच आहे. मागे बसलं की ह्यांचं टक्कल कुठवर आलंय ते कळतं."

आणि तिनं मागचं दार उघडलं, कोथिंबीर मांडीवर घेतली आणि मागं बसली. पुढची सीट रिकामी. कुणी सांगितलं नाही तिला त्या वेळी. हात आपोआप मागच्या दाराला गेला.

ते बघून मला जे आठवलं ते मी तोवर कुणाला सांगितलेलं नव्हतं.

मी सुट्टीवर गेलो की भावाची जीप चालवायचो. बाजार, लग्न, देव, जिथं जायचं तिथं. दर वेळी पुढं कुणीतरी पुरुष माणूस. वडील होते तोवर वडील. मग चुलते, मेव्हणा, एकदा तर रस्त्यात हात केलेला तलाठी. दर वेळी मी तिला म्हणायचो, तू मागं बस. ती बसायची. शेवटच्या सुट्टीत तिचे डोळे दाखवायला तालुक्याला निघालो. जीपमध्ये आम्ही दोघंच. पुढची सीट मोकळी. तिनं सवयीनं मागचं दार उघडलं आणि आत जाऊन बसली. मी आरशात बघितलं. आता म्हणावं, ये की पुढं. पण चावडीवर चारजण बसलेले होते, म्हणलं, म्हातारपणी बायकोला शेजारी घेऊन चाललाय म्हणतील. जीप सुरू केली. तालुक्यापर्यंत ती मागं, मी पुढं, आणि परत येताना पण तसंच. जीपच्या आवाजात काही बोललेलं ऐकू येत नव्हतं, म्हणून बोललो पण नाही.

माझ्या व्हिसावर काय लिहिलंय ह्याचा त्या दिवसाशी काही संबंध नव्हता.

मी पिकअपमधनं हत्यारांची पेटी आणली.

"साहेब, गाडी बंद करा. पुढचं दार उघडा."

"काय झालं?"

"उघडा म्हणलं ना. आणि पोरी, तू उतर खाली, त्या सावलीत उभी राहा. वेळ लागेल जरा."

सीटचे चार बोल्ट काढले. सीट अख्खी मागं कलती केली. उन्हानं लोखंड तापलेलं, हाताला बसत होतं. वायर आणखी घासली होती, दोनच धागे उरलेले. कापली, सोलली, जोडली, टेप मारली, वर एक नळी चढवली आणि दांड्याच्या खालनं घेऊन बांधून टाकली. बोल्ट आवळले. साहेब तोवर पिशव्या हातात धरूनच उभा होता.

"बस पोरी."

ती पुढं बसली. साहेबानं रेडिओ लावला. बाई बातम्या सांगत होती, कुठला रस्ता कधीपर्यंत बंद. "हल जरा. पुढं-मागं हो. जोरात." ती सीटवर दोनदा उडाली. बातम्या चालू राहिल्या.

"एवढंच होतं?" साहेब म्हणाला.

"एवढंच."

"मग त्या दिवशी का नाही दिसलं?"

दिसलं नाही, म्हातारे डोळे आहेत, असं म्हणून सुटता आलं असतं. मालक म्हणालाच होता.

"दिसलं होतं."

"म्हणजे?"

"तुम्ही पाण्याकडं गेला होता तेव्हाच दिसलं. टेप खिशात होती. केलं नाही. सॅटेलाइटचं मी बनवून सांगितलं."

त्यानं पिशव्या खाली ठेवल्या. "का?"

"जळलो साहेब."

"कशावर?"

मी सीटकडं हात केला. ती तिथंच बसलेली होती. तिनं रेडिओ बंद केला. साहेबाच्या तोंडावर आधी हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही.

"काका, मी तुमच्यावर विश्वास ठेवून तीनदा आलो. सगळ्यांना सांगत सुटलो मी, सॅटेलाइट, सॅटेलाइट. आणि हिला..." तो थांबला. हिला काय ते त्याचं त्यालाच आत्ता कळत असावं. इतके दिवस ज्या गोष्टीवर तो हसला होता ती त्याच्या तोंडावर उलटून आली होती, आणि ती आणणारा मी.

"तुम्हाला बोलायचं ते बोला," मी म्हणलं. "ऐकतो."

"काय बोलायचं? तुम्ही वयानं मोठे." त्यानं पिशव्या मागच्या सीटवर टाकल्या, जिथं ती बसलेली असायची तिथं. "खलास. चला."

ती म्हणाली, "काकू असतात का इथे?"

"गेली. दीड वर्ष झालं."

"काका..." असं म्हणून ती दार उघडायला लागली, पण साहेब स्टिअरिंगवर बसला होता आणि गाडी सुरू झाली होती. तिनं दार परत ओढून घेतलं. त्याच्याशी काहीतरी बोलली, काच वर होती, मला ऐकू आलं नाही. तो मान हलवत होता. ती बोलतच होती.

मी काचेवर टकटक केलं. त्यानं काच खाली केली, पण माझ्याकडं न बघता.

"परत तुटला तर फोन करा साहेब. शुक्रवार असला तरी येईन."

"बघू," तो म्हणाला.

गाडी गेली. मी ज्वारी घ्यायची विसरून खोलीवर आलो.

मन हलकं झालं असेल असं कुणाला वाटेल. तसं काही झालं नाही. पेटी उचलताना डोळ्यांपुढं तेच, ती दोघं पुढं बसून भांडत चाललेली. भांडत का होईना, शेजारी. माझ्या पोटात आधी दुखत होतं त्यापेक्षा जास्त दुखायला लागलं, कारण आता तर ती सीट मीच नीट करून दिली होती.

साहेबाचा फोन आला नाही. मी वाट बघितली. रोज संध्याकाळी मोबाईल चार्जिंगला लावायच्या आधी बघायचो. स्टेडियम पुरं झालं, रस्ते उघडले, लोक मॅच बघायला यायला लागले, तरी नाही. त्याअर्थी वायर टिकली. ते काम मी मन लावून केलं होतं, टिकणारच. पण काही काही दिवशी मला वाटायचं, तुटावी. एकदा तुटावी, त्यानं शिव्या देत का होईना फोन करावा, आणि मागनं तिचा आवाज यावा.